शनिवारची उघडणी

१४ जुलै

प्रिय दादा,

मी ठीक आहे. तुम्ही सगळेही ठीक असाल असं धरून चालते. आईच्या गुडघ्याचं वहिनीने कळवलं. पट्टा झोपताना काढायचा असतो, एवढं तिला पुन्हा एकदा सांग. ती हो म्हणेल आणि काढणार नाही, तरी सांग.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस.

तू विचारलंस, पंधरा महिने झाले, त्या ‘सहलीला निघालेल्या कारखान्यात’ नेमकं चालतं काय. नेमकं सांगते. वहिनीला वाचून दाखवशील, म्हणून तुला माहीत असलेलंही थोडं सोपं करून लिहिते.

आम्ही घरगुती पाण्याचे पंप बनवतो आणि जळालेले जुने पंप दुरुस्त करतो. मालकाने कारखाना बंद केला तेव्हा इथल्या बावीस जणांनी तो चालवायला घेतला. आता आम्ही एकतीस आहोत. प्रत्येकाला एक मत. झाडणाऱ्यालाही एक, असं लिहिणार होते, पण झाडणारा असा वेगळा कोणी नाही. पाळी असते. माझी मंगळवारी. सगळ्यात मोठा पगार सगळ्यात लहान पगाराच्या दुपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. मग चांगली माणसं टिकतात कशी, असं तू विचारशील. मलाही तोच प्रश्न होता. उत्तर अजून मला धड मांडता येत नाही. मी आल्यापासून एकच जण सोडून गेला, तोही लग्न करून दुसऱ्या गावी.

आमच्या पंपाला आठ स्क्रू आहेत आणि आठही एकाच मापाचे. घरात असेल त्या स्क्रूड्रायव्हरने तो उघडतो. तुमच्या प्लँटच्या पंपाला एकही स्क्रू नाही, हे तुला सांगायला नको. आमची ड्रॉइंग दाराजवळच्या भिंतीवर लावलेली असतात. कुठलाही मेकॅनिक येतो, फोटो काढतो, जातो. पहिल्या महिन्यात मी बैठकीत विचारलं होतं, उद्या कोणी आपलाच पंप बनवून विकायला लागला तर? लेथवर एक काका आहेत. त्यांना सगळे वकील म्हणतात, कारण स्टोअरमधून बोल्ट घेतानाही ते उलटतपासणी घेतात. ते म्हणाले, “तर त्याचेही पंप दुरुस्त होतील. पुढचा प्रश्न.”

मी वहीत लिहून ठेवलं. नंतर पाहिलं तर त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. ते मागच्या महिन्यात खोडलं.

जुन्या मोटारींतलं तांबं आम्ही तार ओढणाऱ्याकडे पाठवतो आणि तेवढ्याच वजनाची तार घेतो. आमच्या पंपातलं साठ टक्के तांबं आधी कुठल्या तरी दुसऱ्या मोटारीत फिरून आलेलं असतं. पंप वापरणाऱ्या घरांमधून दोघं जण दर बैठकीला बसतात, त्यांनाही मत आहे. त्यातल्या एक बाई मागच्या वेळी म्हणाल्या, पंप छान आहे पण आवाज असा करतो की शेजारणीला माझी अंघोळ कळते. रबरी पाय त्यानंतर आले.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे उघडणी. हा शब्द इथलाच. परत आलेला पंप शनिवारी दुपारी तीन वाजता मधल्या टेबलावर ठेवतात. प्रत्येक भागावर तो करणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो. ज्याचा भाग बिघडला, त्यानेच तो सगळ्यांसमोर उघडायचा आणि काय झालं ते सांगायचं. तो बोलेपर्यंत बाकी कोणी बोलायचं नाही. नंतरही कोणी रागवत नाही. तुमच्याकडे चूक सापडली की माणूस शोधतात. इथे माणूस स्वतःच उभा राहतो, मग शोधायचं फक्त कारण उरतं. मी तीन ठिकाणी काम केलं, हे कुठेच पाहिलं नव्हतं.

या दोन महिन्यांत चार पंप जळून परत आले. वाइंडिंग. बाकी विशेष नाही.

मार्चमध्ये आम्ही भट्टीची वेळ कमी केली ते तुला आठवत असेल. वहिनीसाठी: तारेची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात, म्हणजे तारांना ओल लागत नाही. आधी चार तास भाजत, आता अडीच. भट्टीची वीज एक तृतीयांशाहून जास्त वाचली. त्याचा तक्ता मी केला, तो भिंतीवर लावला आणि टाळ्या वाजल्या. मला टाळ्या आवडत नाहीत. त्या दिवशी आवडल्या.

तुझ्या प्लँटमधल्या जागेबद्दल: नको. विचारल्याबद्दल आभार मानते.

आईला नमस्कार.

तुझी
धाकटी


११ ऑगस्ट

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे. खोली बदलली, आता खिडकी पूर्वेला आहे.

एक सहज विचारायचं होतं. तुमच्या प्लँटमध्ये वार्निश कोणतं वापरतात? थिनर घालून पातळ करायचं, की बिनथिनरचं? आणि स्टेटरचं वजन किती? घाई नाही, पण या आठवड्यात कळवलंस तर बरं.

इथे आता सात पंप परत आले आहेत. सातही वाइंडिंगमधून जळालेले, सातही काकूंचे.

काकूंबद्दल मी आधी लिहिलं नव्हतं बहुतेक. वाइंडिंगच्या टेबलावर त्या सव्वीस वर्षं आहेत. मालकाच्या वेळेपासून. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाच्या, खाचांत त्या हाताने तार बसवतात, एका वेटोळ्यात ब्याण्णव वेढे. शेजारी मोजणीचं यंत्र आहे, पण ते त्या चालू करत नाहीत. तोंडाने मोजतही नाहीत, कारण तोंड गप्पांच्या कामात असतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे शिकायला बसले तेव्हा म्हणाल्या, “तुझी बोटं शिकलेली आहेत गं, म्हणून अडतात. जरा अडाणी होऊ दे त्यांना.” तीन आठवड्यांनी माझं पहिलं वेटोळं त्यांनी उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “चालेल. पंख्याला.” आम्ही पंखे बनवत नाही.

याआधी तीन वर्षं त्यांचा एकही पंप परत आला नव्हता.

काल सातवा उघडला. त्यांनी आठ स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, काळी पडलेली वेटोळी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, “माझाच हात. तार कुठेतरी घासली जात असणार. मला दिसत नाही आता पहिल्यासारखं.” मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मला पॅकिंगला घ्या.”

स्टोअरच्या ताई या वर्षी अध्यक्ष आहेत. त्या म्हणाल्या, “काकू, पगार तोच राहील.” काकू म्हणाल्या, “पगाराचं कोण विचारतंय?”

टेबल बदलायचं असेल तर दोन बैठकांत मत घ्यायचं असा इथला नियम आहे, म्हणजे रागाच्या भरात काही होऊ नये. काल पहिलं मत झालं. विरोधात कोणी नव्हतं. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. दुसरं चोवीस तारखेला. तोवर काकू त्यांच्या टेबलाचे खण आवरत आहेत. कालपासून त्या बोलतही नाहीत फारसं.

ही माणसं कोणालाही काढत नाहीत, दादा. कोणावर ओरडत नाहीत. त्यांच्याइतकी न्यायी माणसं मी पाहिलेली नाहीत, आणि मला इथे बसवत नाही.

ती जागा अजून रिकामी आहे का? एक तारखेपासून येता येईल.

तुझी
धाकटी

वार्निशचं विसरू नकोस.


१ सप्टेंबर

प्रिय दादा,

ती जागा दुसऱ्या कोणाला दे. तू वरिष्ठांशी बोललास, खोलीसुद्धा पाहून ठेवलीस, त्याबद्दल वाईट वाटतं. कारण लिहायला बराच वेळ लागेल, तेवढं वाच. मध्ये बोलू नकोस.

तुझं उत्तर सोळाला मिळालं. बिनथिनरचं वार्निश, स्टेटर अडीच किलो. आमचं थिनरवालं आणि स्टेटर सव्वाचार किलो, म्हणजे थिनर उडायला आणि आतपर्यंत तापायला वेळ जास्त. मला हे विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं. तुझं उत्तर काही वेगळं येईल, अशी आशा होती.

फेब्रुवारीत मी तुला फोनवर विचारलं होतं, तुम्ही किती वेळ भाजता. तू म्हणालास, अडीच तास, डोळे झाकून कर. मी झाकले. भट्टीतल्या हवेचं तापमान मोजलं, ते वीस मिनिटांत एकशे तीस अंशांना पोचत होतं, म्हणून सगळं बरोबर आहे असं मानलं. वेटोळ्याच्या आत तापमापकाची तार घालून मोजायला हवं होतं. आता मोजलं. आतला भाग एकशे तीसला पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागतात. म्हणजे खरं भाजणं चाळीस मिनिटांचं. बाहेरून वार्निश काचेसारखं कडक, आतून ओलं. दमट हवेत ओल धरतं आणि तारा एकमेकींना जाळतात; फार दमट जागी सहा-आठ आठवड्यांत, बाकी ठिकाणी उशिरा. आकडा तुझा असला तरी चूक तुझी नाही. तू तुझ्या पंपाबद्दल सांगितलंस, मी माझ्या पंपाबद्दल विचारलंच नाही.

हे मला कधी कळलं, ते सांगायचं आहे. तिसऱ्या उघडणीला. काकूंनी स्टेटर टेबलावर फिरवला, माझ्याकडे आला तेव्हा मी आतल्या तारेवर नख टेकवलं. नखाला चिकट लागलं. मी रुमालाने पुसलं आणि स्टेटर पुढे सरकवला. त्यानंतर तुला चौदा जुलैचं पत्र लिहिलं. आता ते काढून वाचलंस तर भट्टीचं मी त्यात कुठे टाकलंय ते दिसेल.

मी का बोलले नाही? भिंतीवर तक्ता होता. मी इथे एकटी डिग्रीवाली. आणि उघडणीत माझा नंबर निघूच शकत नव्हता. लेथला नंबर आहे, वाइंडिंगला आहे, पॅकिंगच्या खोक्यालाही आहे. भाजायची वेळ ठरवणाऱ्या कागदाला नंबर नाही. ज्याचा भाग बिघडतो तो आधी बोलतो, आणि काकू म्हणाल्या, माझा हात. काकूंनी एकदा म्हटलं की त्यावर शंका घेणं कोणाला सुचतच नाही. इतक्या प्रामाणिक जागी चूक लपवणं किती सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं. काहीच करावं लागत नाही. फक्त बसून राहायचं. मी पाच शनिवार बसले.

काकू स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊ लागल्या. त्या चष्म्याचा नंबर वाढवून आल्या. घरी सुईत दोरा ओवता येतो का ते रोज सकाळी बघतात, असं त्यांनी ताईंना सांगितलं. ताईंनी मला सांगितलं. मी त्या दिवशी तुला जागेबद्दल लिहिलं.

चोवीसला तीन वाजता दुसरं मत होतं. त्या आठवड्यात एकही पंप परत आला नव्हता, म्हणून मधलं टेबल रिकामं होतं. मी सकाळी भट्टीतून आलेला, कधी पाण्यात न गेलेला एक नवा स्टेटर आणला आणि टेबलावर ठेवला. वकील म्हणाले, “हा कोणाचा परत आला?” मी म्हटलं, “परत आलेला नाही. पण उघडायचा आहे. भाग माझा आहे.”

मग करवतीने कापला. आतलं वार्निश बोटाला लागेल असं सगळ्यांसमोर धरलं. अडीच तास, चाळीस मिनिटं, थिनर, सगळं सांगितलं. तिसऱ्या उघडणीचंही सांगितलं, नखाचं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं मला बोलता बोलता वाटलं, म्हणून लगेच सांगितलं.

ताई म्हणाल्या, “म्हणजे मार्चपासूनचे सगळेच?”

“दोनशे बारा. सात परत आले. दोनशे पाच अजून घरोघरी आहेत.”

काकू उठल्या. मला वाटलं माझ्याकडे येतायत. त्या मागे रॅकपाशी गेल्या. तांब्यासाठी बाजूला ठेवलेले सात जळके स्टेटर तिथे होते. एकेक करून त्यांनी ते सातही टेबलावर आणले. कोणी मदतीला उठलं तर हातानेच खाली बसवलं. मग करवत माझ्यापुढे सरकवली.

“प्रत्येकातलं एक वेटोळं काप. वेढे मोज. मोठ्याने.”

“काकू, तुमचे वेढे बरोबर आहेत. मला माहीत आहे.”

“तुला माहीत आहे. मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन महिने मला माहीत नाही.”

मी कापलं आणि मोजलं. जळालेल्या तारांची कापलेली टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, चिमट्याने सोडवून मोजावी लागतात. पहिला: ब्याण्णव. वकिलांनी उठून फळ्यावर लिहिलं. दुसरा: ब्याण्णव. तिसऱ्याला माझी मोजणी एक्क्याण्णव आली. काकू म्हणाल्या, “पुन्हा.” पुन्हा मोजलं, ब्याण्णव. सातही मोजायला पावणेदोन तास लागले आणि तोवर एकही माणूस उठून गेला नाही. पंप वापरणाऱ्यांपैकी त्या अंघोळवाल्या बाईसुद्धा. सात वेळा ब्याण्णव. तार कुठेही घासलेली नाही, कुठेही एकीवर एक चढलेली नाही.

काकूंनी फळा वाचला. नवा चष्मा काढला, जुना घातला, पुन्हा वाचला.

मग मला म्हणाल्या, “चुकलीस, त्याचं काही नाही. मी या टेबलावर शिकले तेव्हा चाळीस मोटारी जाळल्यात. पण तू माझ्या शेजारी बसून चहा पीत होतीस गं.”

मी करवत पुसून जागेवर ठेवली.

टेबल बदलायचा प्रस्ताव काकूंनी स्वतःच मागे घेतला. माझ्याबद्दल चर्चा झाली तेव्हा मी बाहेर जाऊन बसू का विचारलं. वकील म्हणाले, “का? तुमच्याबद्दलच बोलायचंय, तुम्हालाच कळायला नको?” त्यांनी मला चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. सभ्यपणे, आणि एकही सोडला नाही. शेवटी ठरलं ते असं. भट्टी पुन्हा चार तास. ड्रॉइंग आणि भाजायच्या कागदावरही नंबर घालायचा. वाचवलेली वीज यापुढे पंप किती वर्षं टिकला त्याच्याशी जोडूनच मोजायची, नुसती नाही, आणि ते गणित मी करायचं. तक्ता मी काढायला गेले तर ताई म्हणाल्या, “राहू दे. खाली पुढचं लिही.” मी लिहिलं.

आणि दोनशे पाच पंप घरोघरी जाऊन आणायचे, पुन्हा भाजायचे, परत नेऊन बसवायचे. तोवर त्या घरी आपला एक पंप लावून द्यायचा. हे काम माझं. सोबत कोण जाईल असं ताईंनी विचारलं. मी एकटी जाईन म्हटलं. काकू म्हणाल्या, “हिला एकटीला कोण दार उघडणार? चेहरा बघा.” सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

गेला आठवडाभर आम्ही दोघी फिरतो आहोत. एकतीस पंप झाले. हातगाडीवर मी पुढे, त्या मागे. माझ्याशी त्या कामापुरतं बोलतात. “डावीकडे.” “पाना दे.” चहाला बसलो तर मधे पिशवी ठेवतात. हे किती दिवस चालेल याचा अंदाज मी काढलेला नाही. काढणारही नाही.

काल एका इमारतीत चौथ्या मजल्यावर गेलो. ज्यांनी दार उघडलं ते निवृत्त टपाल कर्मचारी होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पण पंप चालू आहे की. चालू पंप परत न्यायला आलेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. बंद पडलेला न्यायला तरी कोण येतं?”

“आतून ओला आहे,” काकू म्हणाल्या. “वर्षभरात जाईल.”

“चूक कोणाची?”

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “माझी. भाजायची वेळ मी कमी केली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंना धाप लागली होती, एक हात कठड्यावर होता. ते म्हणाले, “चूक हिची, मग तुम्ही कशाला चार मजले चढलात?”

काकू पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तार माझी आहे ना आत.”

दादा, तुझ्या प्लँटमध्ये पगार जास्त आहे, प्रयोगशाळा चांगली आहे आणि तू आहेस. चूक कळल्यापासून मी तिकडे यायचं ठरवत होते, कारण तिथे मला कोणी ओळखत नाही. इथे आता सगळे ओळखतात. मला इथेच राहायचं आहे. काकूंनी ठेवून घेतलं तर त्यांच्या टेबलावर पुन्हा शिकायचं आहे. त्यांना अजून विचारलेलं नाही. उरलेले एकशे चौऱ्याहत्तर पंप आणून झाल्यावर विचारेन.

आईला हे पत्र वाचून दाखव. सगळं, नखासकट.

खरं तेवढंच लिहिलेली,
तुझी
धाकटी